सीटी स्कॅनमागचा चौथा माणूस: मोठ्या हॉस्पिटलमधला इमेजिंग फिजिसिस्ट करतो तरी काय?

सीटी स्कॅन किंवा एक्स-रे काढायला गेलं की आपल्याला ठरलेली माणसं भेटतात. काउंटरवर पैसे भरून घेणारे, आत टेबलावर झोपवून ‘श्वास रोखा’ म्हणणारे टेक्निशियन आणि रिपोर्टखाली ज्यांची सही असते ते रेडिओलॉजिस्ट. या तिघांशिवाय आणखी एक माणूस असतो. तो पेशंटला कधी भेटत नाही, रिपोर्टवर त्याचं नाव नसतं आणि तो डॉक्टरही नसतो. त्याने फिजिक्समध्ये शिक्षण घेतलेलं असतं. मशीनमधून नेमके किती किरण बाहेर पडतात, त्यातले पेशंटच्या शरीरात किती जातात आणि त्या बदल्यात मिळणारं चित्र आजार दिसण्याइतकं स्वच्छ आहे का, हे पाहणं त्याचं काम.

याला डायग्नोस्टिक इमेजिंग फिजिसिस्ट म्हणतात. अमेरिकेत मेडिकल कॉलेजला जोडलेल्या मोठ्या हॉस्पिटलांमध्ये हे पद रुळलेलं आहे. आपल्याकडे हॉस्पिटलमधला फिजिसिस्ट म्हटलं की तो कॅन्सरच्या रेडिओथेरपी विभागातलाच असं समजलं जातं, आणि ते फारसं चुकीचंही नाही. रेडिओथेरपीत किरणांनी गाठ जाळायची असते, त्यामुळे तिथे हिशोब चुकला तर काय होईल हे कुणालाही कळतं. एक्स-रे आणि सीटीमध्ये किरण कमी असतात, म्हणून तिथे फिजिसिस्ट कशाला, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर २००९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये मिळालं.

केस गळाले तेव्हा कळलं

तिथल्या एका नामांकित हॉस्पिटलमध्ये पक्षाघाताची शंका असलेल्या पेशंटचा ‘सीटी परफ्युजन’ स्कॅन केला जायचा. यात मेंदूचा एकच भाग काही सेकंद सलग, पुन्हा पुन्हा स्कॅन करतात आणि रक्तपुरवठा कुठे अडलाय ते बघतात. फेब्रुवारी २००८ मध्ये या स्कॅनच्या सेटिंगमध्ये बदल करण्यात आला. त्यानंतर सुमारे १८ महिने प्रत्येक पेशंटला अपेक्षेच्या जवळपास आठपट किरण मिळत राहिले. अमेरिकेच्या एफडीएने दिलेल्या आकड्यांनुसार डोक्याला जास्तीत जास्त अर्धा ग्रे डोस अपेक्षित होता, प्रत्यक्षात तो ३ ते ४ ग्रे गेला. पेशंटची संख्या होती २०६.

उलगडा कसा झाला? एका पेशंटने केस पुंजक्यापुंजक्याने गळतायत अशी तक्रार केली तेव्हा. त्यानंतर देशातल्या इतर काही हॉस्पिटलांमध्येही असेच प्रकार सापडले.

यातली खरी गोष्ट पुढे आहे. मशीन बिघडलेलं नव्हतं. ते सांगितल्याप्रमाणेच काम करत होतं. डोसचा आकडा दर स्कॅनला समोरच्या स्क्रीनवर येत होता. चित्रंही छान येत होती, उलट किरण जास्त असल्याने नेहमीपेक्षा स्वच्छच. डॉक्टरांना शंका यायचं कारण नव्हतं, टेक्निशियन ठरलेलं बटण दाबत होते. ‘हा आकडा एवढा मोठा का?’ हा प्रश्न विचारणं ज्याचं रोजचं काम आहे असा माणूस त्या साखळीत योग्य जागी नव्हता. २०१० मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला. सीटीचा डोस पेशंटच्या नोंदीत लिहायचा आणि मशीन दाखवतं तो आकडा खरा आहे का, हे मेडिकल फिजिसिस्टने दरवर्षी तपासायचं, असं त्यात ठरलं. २०१५ पासून तिथल्या हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननेही सीटीची वार्षिक तपासणी फिजिसिस्टकडून करून घेणं बंधनकारक केलं.

वेताळ नावाचा पेशंट

या माणसाचा दिवस बहुतेकांच्या आधी सुरू होतो, किंवा नंतर. कारण साधं आहे. दिवसा मशीनवर पेशंट असतात, त्यामुळे तपासणी पहाटे, रात्री किंवा रविवारी उरकावी लागते.

तपासणीसाठी खरा पेशंट चालत नाही, म्हणून फँटम वापरतात. मराठीत इंद्रजाल कॉमिक्स वाचून वाढलेल्यांसाठी फँटम म्हणजे वेताळ, पण हा फँटम म्हणजे प्लास्टिकचा ठोकळा किंवा पाण्याने भरलेला डबा. सीटीचा डोस मोजायचा तर ॲक्रिलिकचे दोन गोल ठोकळे असतात, १६ सेंटिमीटर व्यासाचा डोक्यासाठी आणि ३२ सेंटिमीटरचा पोटासाठी. त्यातल्या भोकांत पेन्सिलीसारखा लांब डिटेक्टर घालायचा, स्कॅन घ्यायचा, आकडा लिहायचा आणि मशीनच्या स्क्रीनवरच्या आकड्याशी ताडून बघायचा. पाण्याच्या फँटममध्ये पाण्याचा सीटी नंबर शून्याच्या आसपासच यायला हवा. तो सरकला तर गाठ पाण्याची आहे की मांसाची, हे सांगताना रेडिओलॉजिस्टची फसगत होऊ शकते.

मॅमोग्राफीचा फँटम आणखी मजेशीर. मेणाच्या चकतीत सहा धागे, बारीक ठिपक्यांचे पाच पुंजके आणि पाच गाठी लपवलेल्या असतात, मोठ्यापासून बारीक होत जाणाऱ्या. अमेरिकेत वर्षानुवर्षं वापरलेल्या नियमानुसार त्यातले किमान चार धागे, तीन पुंजके आणि तीन गाठी दिसल्या तर मशीन पास. १९९२ च्या तिथल्या कायद्याने मॅमोग्राफीसाठी दरवर्षीची फिजिसिस्टची तपासणी सक्तीची केली, आणि मशीन नापास झालं तर ते दुरुस्त होईपर्यंत पेशंट घेता येत नाहीत. ज्या ठिपक्यांवरून स्तनाचा कॅन्सर सुरुवातीला पकडला जातो ते मिलिमीटरच्या अंशाएवढे असतात. मशीनला ते दिसत नसतील तर ‘नॉर्मल’ रिपोर्टला काही अर्थ उरत नाही.

सगळी साधनं महागडी असतात असं नाही. सोनोग्राफीच्या प्रोबमध्ये शंभराहून जास्त छोटे क्रिस्टल असतात. त्यातले काही मेले तरी चित्र येतच राहतं, फक्त एखादी काळसर उभी रेघ राहते आणि डोळ्याला तिची सवय होऊन जाते. ते शोधायला प्रोबवर थोडं जेल लावून सरळ केलेली पेपर क्लिप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवतात. चांगल्या क्रिस्टलवर स्क्रीनवर चकाकी दिसते, मेलेल्यावर ती मंदावते. लाखोंच्या मशीनची परीक्षा पेपर क्लिपने!

मग रिपोर्टिंग रूममधले मॉनिटर. काळ्या चौकोनात जरासा कमी काळा चौकोन आणि पांढऱ्यात जरासा कमी पांढरा, असं एक चाचणीचं चित्र असतं. ते आतले चौकोन दिसत नसतील तर फुप्फुसातला बारीकसा डागही त्या मॉनिटरवर दिसणार नाही. लेड ॲप्रनही तपासावे लागतात. घडी घालून ठेवले की आतलं शिसं चिरतं, बाहेरून मात्र काही कळत नाही. म्हणून ते एक्स-रेखाली धरून बघायचे आणि चिरलेले बाद करायचे. ॲप्रन खुर्चीवर टाकून चहाला जाणारे निवासी डॉक्टर प्रत्येक हॉस्पिटलमध्ये असतात, आणि त्यांच्याशी फिजिसिस्टचं वाजतंच.

कमी डोस म्हणजे चांगला डोस?

सोशल मीडियावर ‘रेडिएशन’ हा शब्द आला की एकच सल्ला दिला जातो, जितकं कमी तितकं बरं. इमेजिंग फिजिसिस्टचं काम यापेक्षा अवघड आहे.

सीटीचा डोस निम्मा केला की चित्रातला दाणेदारपणा साधारण ४० टक्क्यांनी वाढतो. मोठा मुतखडा तरीही दिसेल, कारण तो भोवतालच्या मांसापेक्षा फार वेगळा दिसतो. पण यकृतातली छोटी गाठ त्या दाण्यांत हरवून जाईल. म्हणजे मुतखड्यासाठी डोस निम्म्याहून कमी करणं शहाणपणाचं आणि यकृतासाठी तेच करणं धोक्याचं. ज्या स्कॅनमध्ये आजार दिसत नाही त्यातले सगळे किरण वाया गेलेले असतात, शिवाय स्कॅन पुन्हा करावा लागतो तो वेगळाच.

म्हणूनच मोठ्या हॉस्पिटलांमध्ये ‘प्रोटोकॉल कमिटी’ असते. रेडिओलॉजिस्ट सांगतो काय दिसायला हवं, टेक्निशियन सांगतो प्रत्यक्षात काय जमतं आणि फिजिसिस्ट सांगतो त्यासाठी किती किरण पुरेसे आहेत. एका हॉस्पिटलमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची मशीन असतात आणि प्रत्येक कंपनीने एकाच बटणाला वेगळं नाव दिलेलं असतं. एका मशीनवर जो आकडा वाढवला की डोस वाढतो, दुसऱ्यावर तसाच आकडा वाढवला की डोस घटतो. हे भाषांतर डोक्यात ठेवणारा माणूस बहुतेकदा फिजिसिस्टच असतो.

जुन्या फिल्मच्या जमान्यात एक सोय होती. किरण जास्त झाले की फिल्म काळी पडायची आणि चूक सगळ्यांना दिसायची. डिजिटल एक्स-रेमध्ये कॉम्प्युटर चित्र नीट करून दाखवतो. किरण कमी पडले तर चित्र दाणेदार दिसतं आणि डॉक्टर ओरडतात. जास्त पडले तर कुणीच ओरडत नाही. त्यामुळे टेक्निशियनचा हात नकळत जास्तीकडे झुकत जातो आणि काही महिन्यांत संपूर्ण विभागाचा डोस हळूहळू वर सरकतो. यात कुणाचा हलगर्जीपणा नाही, मनुष्यस्वभाव आहे. म्हणून फिजिसिस्ट महिन्यांचे आकडे काढून बसतो. कुठल्या खोलीत, कुठल्या तपासणीत आकडा सरकतोय, हे त्याला तक्त्यात दिसतं. कारण कधीकधी अगदी साधं निघतं. पेशंट सीटीच्या मध्यावर न झोपवता काही सेंटिमीटर खाली झोपवला जात असेल तर मशीनचा अंदाज चुकतो, माणूस आहे त्यापेक्षा जाड आहे असं त्याला वाटतं आणि ते किरण वाढवतं.

लहान मुलांच्या बाबतीत हा हिशोब सर्वात जास्त महत्त्वाचा. वाढत्या पेशी किरणांना जास्त संवेदनशील असतात आणि पुढचं आयुष्यही मोठं असतं. मोठ्यांच्या सेटिंगवर मुलांचे स्कॅन होऊ नयेत म्हणून अमेरिकेत २००८ मध्ये ‘इमेज जेंटली’ नावाची मोहीम सुरू झाली, तिच्यात रेडिओलॉजिस्ट, टेक्निशियन आणि फिजिसिस्ट तिघांच्या संघटना होत्या.

सगळ्यात अवघड फोन

मोजमापं, तक्ते, कमिट्या हे रोजचं. पण एक फोन असा असतो की तो आला की बाकीचं बाजूला ठेवावं लागतं. अपघात झालेल्या किंवा पोटात असह्य दुखणाऱ्या एका तरुणीचा सीटी झाला, आणि दोन आठवड्यांनी कळलं की त्या वेळी तिला दिवस गेलेले होते. ती रडवेली आहे, घरचे घाबरलेत, कुणीतरी गर्भपात करून टाका असा सल्लाही दिलाय. तिच्या डॉक्टरांना आकडा हवा असतो, बाळाला किती किरण मिळाले?

फिजिसिस्ट त्या स्कॅनच्या नोंदी काढतो. कुठल्या भागाचा स्कॅन, किती वेळा, कुठल्या सेटिंगवर, आई किती जाड, गर्भाशय थेट किरणांत होतं की बाहेर. छातीचा सीटी असेल तर पोटापर्यंत पोचणारे विखुरलेले किरण अगदी थोडे, बहुतेकदा एक मिलिग्रेहूनही कमी असतात. पोट आणि ओटीपोटाचा एक सीटी असेल तर गर्भाला साधारण १० ते २५ मिलिग्रे मिळतात. इंटरनॅशनल कमिशन ऑन रेडिओलॉजिकल प्रोटेक्शनने २००० सालीच स्पष्ट म्हटलंय की १०० मिलिग्रेपेक्षा कमी डोस हे गर्भपाताचं कारण होऊ शकत नाही.

फक्त आकडा सांगून मात्र भागत नाही. किरण अजिबात मिळाले नाहीत तरी दर शंभर बाळांपैकी सुमारे तिघांमध्ये जन्मतः काही ना काही व्यंग असतं. १०० मिलिग्रेच्या आत हे प्रमाण वाढलेलं दिसत नाही. बालपणी कॅन्सर न होण्याची शक्यता किरणांशिवाय सुमारे ९९.७ टक्के असते, १०० मिलिग्रेला ती ९९ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे धोका शून्य आहे असं म्हणता येत नाही, आणि बाळ ठेवू नये असंही म्हणता येत नाही. हे दोन्ही एका पानाच्या पत्रात, डॉक्टर त्या बाईला समजावून सांगू शकतील अशा भाषेत लिहावं लागतं. चुकीच्या भीतीने निरोगी गर्भ पाडला जाणं, हा या क्षेत्रातला कुठल्याही किरणांपेक्षा मोठा अपघात.

गर्भावरून आठवण झाली म्हणून एक सांगायला हवं. एक्स-रे काढताना पोटावर किंवा जांघेवर शिशाचा तुकडा ठेवला नाही म्हणून चिडणारे नातेवाईक बरेच असतात. पण एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकन असोसिएशन ऑफ फिजिसिस्ट्स इन मेडिसिनने ही जुनी पद्धत सरसकट वापरू नका अशी भूमिका घेतली. शिसं किरणांच्या मार्गात आलं तर स्वयंचलित मशीन किरण वाढवतं, हवी असलेली जागाच झाकली जाते, आणि शरीराच्या आतल्या आत विखुरणारे किरण बाहेरच्या शिशाने अडत नाहीतच.

भिंत, चुंबक आणि ऑक्सिजनचा सिलिंडर

नवीन मशीन येणार असेल तर खोलीचा नकाशा आधी फिजिसिस्टकडे जातो. भिंतीपलीकडे काय आहे यावर शिसं किती ते ठरतं. पलीकडे कुणी दिवसभर बसणार असेल तर पूर्ण हिशोब, कॉरिडॉर असेल तर एक पंचमांश वेळ धरायचा, जिना असेल तर चाळिसावा भाग. आपल्याकडे साध्या एक्स-रे खोलीला नऊ इंची वीटकाम हा परिचयाचा आकडा आहे. पण हिशोब कागदावर बरोबर असून भागत नाही, कारण नंतर एसीवाला येऊन त्याच भिंतीला पाइपसाठी भोक पाडतो. म्हणून बांधकाम झाल्यावर मीटर घेऊन भिंतीभोवती फिरावंच लागतं.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, पण तिथेही जबाबदारी असते. दीड टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण तीस हजार पट असतं आणि ते रात्री, सुट्टीच्या दिवशी, स्कॅन चालू नसतानाही चालूच असतं. हे माहीत नसल्याने २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात सहा वर्षांच्या मुलाचा जीव गेला, खोलीत आलेल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरमुळे. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात तसाच सिलिंडर आत नेला गेला आणि पेशंटसोबत आलेल्या एका तरुण नातेवाइकाचा मृत्यू झाला. दारावरची पाटी पुरत नाही. वॉर्डबॉय, सफाई कामगार, नातेवाईक, अग्निशमन दलाचे जवान, सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, आणि ते कुणी, कधी, कसं सांगायचं याची पद्धत बसवण्यात मोठ्या हॉस्पिटलांत फिजिसिस्टचा हात असतो.

कॉलेजचं हॉस्पिटल असलं की

शिकवणं आलंच. रेडिओलॉजीच्या निवासी डॉक्टरांना फिजिक्सची परीक्षा द्यावी लागते आणि बहुतेकांना ती नको असते. बारावीनंतर सोडलेला विषय पुन्हा समोर येतो. चांगला फिजिसिस्ट सूत्रांपासून सुरुवात करत नाही. तो एक खराब चित्र दाखवतो आणि विचारतो, ही रेघ आजार आहे की मशीनची करामत?

संशोधनही असतं. फोटॉन मोजणाऱ्या नव्या सीटीला एफडीएने सप्टेंबर २०२१ मध्ये मंजुरी दिली. एआय वापरून कमी डोसचं दाणेदार चित्र गुळगुळीत करणारी सॉफ्टवेअर आली आहेत. ती खरोखर गाठ दाखवतात की गाठही पुसून टाकतात, हे कंपनीच्या माहितीपत्रकावरून कळत नाही, मोजूनच कळतं.

या पदाची एक अडचण मात्र कुठेही सारखीच. फिजिसिस्टकडे हुकूम सोडायचा अधिकार फार थोडा असतो. मशीन बंद ठेवा म्हटलं की पेशंटची रांग वाढते, प्रशासन कपाळाला आठ्या घालतं आणि कंपनीचा इंजिनीअर ‘आमच्या टॉलरन्समध्ये आहे’ म्हणतो. काम नीट झालं तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडत नसेल तर या माणसाचा पगार कशासाठी, असा प्रश्न बजेटच्या वेळी विचारला जातो.

व्हायचं असेल तर

अमेरिकेत मान्यताप्राप्त मेडिकल फिजिक्सचं पदव्युत्तर शिक्षण, मग दोन वर्षांची रेसिडेन्सी आणि अमेरिकन बोर्ड ऑफ रेडिओलॉजीच्या तीन टप्प्यांच्या परीक्षा, शेवटची तोंडी. २०१४ पासून रेसिडेन्सीशिवाय बोर्डाचा मार्ग जवळपास बंद झाला.

भारतात या शिक्षणाचं सर्वात जुनं आणि नावाजलेलं ठिकाण मुंबईतच आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६२ पासून रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा चालतो. एमएस्सी फिजिक्स झालेले विद्यार्थी देशभरातून त्याला येतात. काही विद्यापीठांत मेडिकल फिजिक्सची एमएस्सीही आहे. त्यानंतर इंटर्नशिप आणि रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसरची पात्रता. पण नोकऱ्या बहुतांशी रेडिओथेरपीत, कारण नियमाने तिथे फिजिसिस्ट लागतोच. एक्स-रे आणि सीटीसाठी पूर्णवेळ फिजिसिस्ट ठेवणारी हॉस्पिटलं आपल्याकडे मोजकी.

इथलं काम वेगळ्या पद्धतीने चालतं. अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, १९८३ पासून आहे आणि त्याचं मुख्यालयही मुंबईत, अणुशक्तीनगरला. प्रत्येक एक्स-रे आणि सीटी मशीनला त्याचा परवाना लागतो, सेफ्टी ऑफिसर नेमावा लागतो आणि दोन वर्षांतून एकदा मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणी करून घ्यावी लागते. कर्मचाऱ्यांच्या छातीवरचा टीएलडी बॅज दर तीन महिन्यांनी वाचला जातो. त्यांच्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३०. पेशंटसाठी अशी मर्यादा नसते, कारण गरज असेल तेवढे किरण वापरावेच लागतात. पण दोन वर्षांतून एकदा येणारी एजन्सी मशीन तपासते. रोजच्या स्कॅनमध्ये ते कसं वापरलं जातं, हे तिला दिसत नाही.

आपला आकडा पाहायचा असेल तर सीटीच्या सीडीत बऱ्याचदा शेवटी ‘डोस रिपोर्ट’ नावाचं पान असतं. त्यात डीएलपी या अक्षरांपुढचा आकडा घ्यायचा. प्रौढ माणसाच्या पोटाच्या स्कॅनला त्याला ०.०१५ ने, छातीच्या स्कॅनला ०.०१४ ने आणि डोक्याच्या स्कॅनला ०.००२१ ने गुणायचं. उत्तर ढोबळमानाने मिलिसिव्हर्टमध्ये येतं. पोटाचा डीएलपी ४०० असेल तर ६. तुलनेसाठी, काहीही तपासणी न करता माती, हवा, अन्न आणि आकाशातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. हा अंदाज आहे, एकेका माणसाच्या धोक्याचं गणित त्यावरून मांडता येत नाही. पण त्याच तपासणीचा आकडा दुसऱ्या सेंटरवर तिप्पट येत असेल, तर पुढच्या वेळी ‘असं का?’ हे तिथल्या रेडिओलॉजिस्टला विचारायला हरकत नाही.